छप्पर शाकारले, झऱ्याचे काय?

फ्रान्सच्या बर्गंडी भागात गावोगावी जुने सार्वजनिक धुणीघाट दिसतात. मधोमध दगडी कुंड, कडेने उतरते दगड, वर कौलारू छप्पर. फ्रेंचमध्ये त्याला 'लाव्ह्वार' म्हणतात. घरोघरी वॉशिंग मशीन आल्यावर तिथली वर्दळ संपली. आता वारसा म्हणून गावे या घाटांसाठी पैसे उभे करतात, छप्पर शाकारतात, कुंडाभोवती फुलझाडे लावतात. काम चांगलेच आहे, पण अर्धे आहे.

कारण हे घाट मुळात शोभेसाठी नव्हते. १८३२ मध्ये आणि पुन्हा १८४९ मध्ये फ्रान्समध्ये कॉलऱ्याने थैमान घातले. त्यानंतर ३ फेब्रुवारी १८५१ च्या कायद्याने सार्वजनिक स्नानगृहे आणि धुणीघाटांसाठी सहा लाख फ्रँकचे अनुदान मंजूर झाले. कॉलरा दूषित हवेतून पसरतो, असा तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांचा समज होता. निदान चुकीचे होते, तरी पैसा योग्य ठिकाणी गेला.

खरे शहाणपण पाण्याच्या वाटेत होते. नीट आखलेल्या ठिकाणी झऱ्याचे पाणी आधी पिण्याच्या कारंज्यात येई, तिथून गुरांच्या डोणीत आणि सगळ्यात शेवटी धुणीघाटात. घाटावरही खळबळण्याचे कुंड वरच्या अंगाला, साबणाचे खालच्या. आजाऱ्याच्या अंथरुणातल्या चादरीही इथेच धुतल्या जात. पण ते पाणी उलटे फिरून पिण्याच्या पाण्यात मिसळत नसे. जंतुशास्त्राचा गंध नसलेल्या गवंड्यांनी केवळ उताराच्या जोरावर हे साधले. (त्या काळाचे गोडवे मात्र गाऊ नयेत. भर थंडीत गुडघ्यांवर बसून, बर्फगार पाण्यात हात घालून कपडे धोपटणाऱ्या बायकांना कोणी विचारले नव्हते.)

आज त्यातल्या कित्येक कारंज्यांवर 'पाणी पिण्यायोग्य नाही' अशी पाटी असते. काही ठिकाणी पाण्याची नियमित तपासणी होत नाही, एवढेच त्यामागचे कारण. पण शेतातली नायट्रेट आणि कीटकनाशके भूजलात उतरल्याने फ्रान्सला पिण्याच्या पाण्याचे अनेक स्रोत बंद करावे लागले, हेही खरे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची युरोपीय मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेले पाणी तान्ह्या बाळांना विशेष घातक ठरू शकते, कारण रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. २०२२ च्या उन्हाळ्यात तर शंभरहून अधिक फ्रेंच गावांचे नळ कोरडे पडले आणि टँकर धावले. मराठी वाचकाला टँकर समजावून सांगायला नको.

'नळाचे पाणी तपासलेले असते, मग झऱ्याची उठाठेव कशाला?' असे कोणी विचारेल. पण नळाचे आणि झऱ्याचे पाणी पुष्कळदा एकाच भूजलातून येते. झरा आटू लागला किंवा त्यात नायट्रेट वाढले, तर गावाला ती सूचना फुकटात मिळते. म्हणून दुरुस्तीच्या निधीतला थोडा वाटा दरवर्षी झऱ्याचे पाणी तपासण्यासाठी राखून ठेवावा. बांधकामाचे साल कोरलेल्या फलकाशेजारीच यंदाचा नायट्रेटचा आकडाही लावावा आणि तो चढला, तर झऱ्याच्या वरच्या शेतांत किती खत पडते, हे ग्रामसभेने विचारावे.