डॉक्टरांशी कोण बोलणार, ते आजच ठरवा

काशीगावकरांनो,

पावसाळा तोंडावर आला आहे. तलावाला जरीमरीचं, साथीच्या देवीचं नाव असलेल्या या गावाला साथी नव्या नाहीत. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो सुरू झाले की गावठाणातली, पाड्यांवरची आणि हायवेलगतच्या टॉवरांतली माणसं एकाच ओपीडीच्या रांगेत उभी राहतात. त्याआधी हात जोडून एक मागणं आहे. घरात कोणी आजारी पडलं तर डॉक्टरांशी कोण बोलणार, हे आजच ठरवा.

वडिलांना मध्यरात्री धाप लागली म्हणून आम्ही त्यांना एका रुग्णालयात नेलं. त्यांना आत घेतलं आणि दार बंद झालं. दोन तास कोणी काही सांगेना. मग एक इंग्रजी फॉर्म पुढे आला. पेनाच्या टोकानं जागा दाखवून सिस्टर म्हणाल्या, "इथे सही करा." मी केली. कशावर केली, ते मला आजही माहीत नाही.

तोवर काका, चुलतभाऊ, शेजारी मिळून आम्ही अकरा जण जमलो होतो. पहाटे डॉक्टर बाहेर आले तेव्हा सगळे एकदम बोलू लागले. आमच्यातल्या एकाचा हात त्यांच्या कॉलरकडे गेला. पोरसवदा डॉक्टर मागे सरकले, त्यांची पाठ दाराला टेकली. "प्रयत्न चालू आहेत," एवढंच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बाबा रोज कोणत्या गोळ्या घेतात?" अकरा जणांत एकालाही सांगता आलं नाही.

वडील बरे होऊन घरी आले. पण ती दाराला टेकलेली पाठ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आम्ही घाबरलो होतो, तेही घाबरले होते, आणि मधल्या मध्ये वडिलांच्या उपचाराचा वेळ जात होता.

असा हात उठला की काय होतं, ते राज्यानं पाहिलं आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात जमावानं एका निवासी डॉक्टरला मारहाण केली, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. ठिकठिकाणचे निवासी डॉक्टर रजेवर गेले आणि हाल झाले ते सरकारी दवाखान्याशिवाय दुसरा आधार नसलेल्यांचे. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई असा कायदा राज्यात २०१० पासून आहे. तो तेव्हाही होताच.

डॉक्टरांनाही तितक्याच कळकळीनं सांगते. आत काय चाललंय ते दर दोन तासांनी कोणीतरी बाहेर येऊन सांगा. बातमी वाईट असली तरी चालेल, पण ती मराठीत किंवा हिंदीत सांगा आणि सही घेण्याआधी सांगा. २०२१ च्या नियमांनुसार खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. ते काउंटरच्या मागे, कॅलेंडरच्या आड नको. डिपॉझिट भरताना ज्याला दर कळतो, तो डिस्चार्जच्या दिवशी बिलावरून भांडत नाही. केसपेपरच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. हे नातेवाइकांना तुम्हीच आपणहून सांगितलंत, तर निम्मा संशय तिथेच गळून पडेल.

सोसायट्यांनो, मंडळांनो, गणपतीची वाट पाहू नका. या रविवारी घरोघरी एक कोरा कागद वाटा. त्यावर घरातल्या प्रत्येकाच्या रोजच्या गोळ्या, कोणतं औषध सोसत नाही, आधीची दुखणी आणि सगळ्यात वर डॉक्टरांशी बोलणाऱ्याचं नाव. रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबरही लिहा. कागद कपाटात ठेवू नका, दारामागच्या खिळ्याला अडकवा. रात्री दोन वाजता कपाटाची किल्ली सापडत नाही.