विश्लेषण : दुभंगलेल्या ओठांचे बाळ; शस्त्रक्रियेआधी आईला आधार का हवा?

ओठ किंवा टाळू दुभंगलेल्या बाळांवर सरकारी कार्यक्रमांतून मोफत शस्त्रक्रिया होते. मात्र त्याआधीचे काही महिने आई-बाळाच्या नात्यासाठी कळीचे असतात आणि त्याच काळात आई एकटी पडते.

नात्यात अडथळा कशाचा?

टाळू दुभंगलेली असेल तर बाळाला दूध ओढून घेता येत नाही. ते नाकातून बाहेर येते, पाजण्यात फार वेळ जातो, वजन वाढत नाही. जवळिकीचा क्षणच धास्तीचा होतो. त्यात ‘ग्रहणात विळीवर भाजी चिरली असशील’ असा ठपका आईवर येतो. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. आनुवंशिकता, गरोदरपणातील काही औषधे, धूम्रपान हे घटक कारणीभूत असू शकतात. अनेकदा नेमके कारण सापडतच नाही.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील ड्रोटार व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अशा पालकांच्या मनःस्थितीचे पाच टप्पे मांडले : धक्का, नकार, दुःख व राग, जुळवून घेणे आणि नव्याने घडी बसवणे. म्हणजेच सुरुवातीला माया न दाटणे ही आईची खोट नव्हे. ब्रिटनमधील लिन मरे यांच्या गटाच्या २००८ मधील अभ्यासात, ओठाची शस्त्रक्रिया तीन-चार महिन्यांनी झालेली बाळे दीड वर्षाची असताना बौद्धिक चाचणीत मागे दिसली. जन्मानंतर लगेच झालेली नाही. या फरकाचा संबंध सुरुवातीच्या आई-बाळ संवादाशी आढळला.

मग शस्त्रक्रिया लगेच का नाही?

भूल झेपण्यासाठी बाळाचे वजन व प्रकृती पाहावी लागते. त्यामुळे ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन महिन्यांनंतर, तर टाळूची नऊ ते अठरा महिन्यांदरम्यान होते. घाई शक्य नसेल, तर मधला काळ सांभाळणे हाच उपाय उरतो.

व्यवस्थेत जागा कुठे आहे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्यात पहिल्या सहा आठवड्यांत आशा कार्यकर्ती घरी जाऊन बाळाची तपासणी करते. त्याच भेटीत काढलेले दूध वाटी-चमच्याने कसे पाजावे, बाळाला कसे धरावे, त्याच्याशी कसे बोलावे हे दाखवता येईल. दोष आईचा नाही, हेही सासू आणि नवऱ्यासमोर सांगता येईल. टाके घालण्याइतकेच हे उपचाराचे काम आहे.