तिचा विश्वास आधी, वरात नंतर

लग्नसराईत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला नवरदेवाची घोडी हमखास दिसते. डोक्यावर तुरा, अंगावर झूल! पण ती आधी कुठे राबली, कुणाचा मार खाल्ला, हे कित्येकदा मालकालाही ठाऊक नसतं. मुंबईच्या घोडागाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, वरातीच्या घोडीचं काय?

घोडा मुळात भित्रा जीव. संकट दिसलं की पळायचं, हा त्याचा स्वभाव. थेट पाठीमागचं त्याला दिसत नाही. मागून कुणी थाप मारली की तो लाथ झाडतो आणि आपण त्याला द्वाड ठरवतो. त्याच्याजवळ खांद्याच्या बाजूने, हळू बोलत जावं. आधी हात हुंगू द्यावा, मग मानेवरून फिरवावा. तो मागे सरला तर आपणही थांबावं. रोज वेळेवर चारा-पाणी, तोच आवाज, तोच हात. असे आठवडे, कधी महिने जातात. एका फटक्यात सगळं पाण्यात.

मैत्रिणींनो, मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीलाही आधी प्रश्न नकोत, निवांतपणा हवा. मुक्या जीवाचं तरी वेगळं काय? घरात लग्न असेल तर आधीच बजावा: घोडीजवळ फटाके नकोत आणि काटेरी लगाम तर नकोच. १९६५ च्या नियमांनी त्याला बंदी आहे!