ताटात आपली ज्वारी असावी

गेल्या हिवाळ्यात दुकानाच्या खरेदीसाठी मी पत्नीसह घाटाखाली खामगावला गेलो होतो. लग्नाला वीस वर्षे झाली, पण दोघांनी मिळून हॉटेलात जेवण्याचा योग कधी आला नव्हता. प्रथम एका मोठ्या हॉटेलात गेलो. बसायला वेगळी फॅमिली रूम होती, पण कार्डावर पनीरच्याच भाज्या. आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा एकही पदार्थ त्यात नव्हता. तेथून उठलो आणि परतीच्या वाटेवर एका साध्या खानावळीत शिरलो. तेथे ज्वारीची गरम भाकरी, वांग्याचे भरीत, तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ठेचा मिळाला. मात्र बसायला आडोसा नव्हता. मालकाने बिचाऱ्याने दोरीवर चादर टांगली, तेव्हा कुठे पत्नीला निवांत जेवता आले.

या दोन जेवणघरांमध्ये आपल्या व्यापारी बांधवांसाठी मोठा धडा आहे. पहिल्याकडे जागा होती, माल आपला नव्हता. दुसऱ्याकडे माल आपला होता, जागा नव्हती. ज्याच्याकडे दोन्ही असेल, त्याच्याकडे गिऱ्हाईक शोधत येईल.

आपल्या बहुतेक हॉटेलांत आजही बाकडी पुरुषांसाठीच असतात. पत्नी, आई, मुली घेऊन येणाऱ्याला आपण दारातूनच परत पाठवतो. एक लाकडी पार्टिशन, स्वच्छ मोरी आणि धुतलेली भांडी यांना फार भांडवल लागत नाही. पार्टिशन आपलाच सुतार करील, भांड्यांना कल्हई आपलाच कारागीर लावील.

मालाचेही तसेच. भाकरीचे पैसे ज्वारी पिकवणाऱ्याला, गिरणीवाल्याला आणि भाकरी थापणाऱ्या बाईला मिळतात. तुरीचे पैसे शेजारच्या शेतकऱ्याला, बकऱ्याच्या मटणाचे पैसे गावच्या पाळणाऱ्याला मिळतात. रुपया तालुक्यातच फिरतो आणि उद्या तोच आपल्या दुकानात येतो. सोयाबीनमुळे ज्वारीचा पेरा मागे पडला आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, शहरांत भाकरीला मान आला. आपल्याच गावात मात्र ती कार्डावर नाही.

कोणी म्हणेल, घरी रोज मिळते ते हॉटेलात कोण खाईल? त्यांनी शेगावची कचोरी पाहावी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने रेल्वे स्थानकावर ती विकायला सुरुवात केली. पदार्थ साधाच, पण चव सांभाळली. आज गावाच्या नावानेच कचोरी ओळखली जाते. शेगावचे भाविक, लोणारचे प्रवासी, सैलानीचे जायरीन दरवर्षी या जिल्ह्यात येतात. त्यांना आपण काय वाढतो?

अडचणही खरी आहे. भाकरी आधी करून ठेवता येत नाही, थापणारा हात लागतो. वस्तीतल्या गरजू भगिनींना हे काम द्यावे, पण मजुरी पूर्ण आणि वेळेवर द्यावी. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करावी. भाव फळ्यावर लिहावा. मापात खोट करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये सक्त ताकीद आहे. ती धान्याच्या मापाइतकीच ताटालाही लागू आहे.

हॉटेल चालवणाऱ्या बांधवांनी निदान आठवड्यातला एक दिवस आपल्या मातीच्या जेवणाचा ठेवून पाहावा, आणि त्या दिवशी पहिले ताट स्वतःच्या घरच्यांना, सन्मानाने बसवून, वाढावे. त्यांना तेथे बसायला संकोच वाटला नाही, तर दुसऱ्यांच्या घरच्यांनाही वाटणार नाही.