तीस हजार डॉलर आणि टॉमी बर्न्स

गेल्या आठवड्यात जॅक जॉन्सन या काळ्या मुष्टियोद्ध्यावर लिहिताना टॉमी बर्न्सला मी एका वाक्यात उरकलं. ते तेव्हापासून डाचतं आहे. हेवीवेटच्या इतिहासात बर्न्सच्या वाट्याला बहुतेक वेळा तेवढंच येतं: जॉन्सनकडून मार खाल्लेला बुटका विजेता. पाच फूट सात इंचांचा हा कॅनडाचा गडी सर्वांत ठेंगणा हेवीवेट विजेता होता, हे खरंच. पण त्याचं मोल कळायला १९०५ पासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षी २८ मार्चला सॅन फ्रान्सिस्कोत जॉन्सन आणि केंटकीचा मार्विन हार्ट वीस फेऱ्या लढले. निकाल एकट्या पंचाच्या हाती. आपल्या आखाड्यात पाठ लागली की वाद मिटतो, म्हणून निकाली कुस्तीचा एवढा मान. इथे दोघंही शेवटपर्यंत उभे होते. पंच ॲलेक्स ग्रेगेन्स यांनी हार्टला विजयी केलं, कारण चाल करून जात होता तो हार्ट. जॉन्सन मागे सरकायचा, ठोसा चुकवायचा आणि नेमका उलटा ठोसा लगावायचा. लढत संपली तेव्हा विजेत्या हार्टचंच तोंड सुजून रक्ताळलेलं होतं. जॉन्सन पुरेसा झुंजला नाही असं तेव्हाच्या काही बातमीदारांनाही वाटलं होतं. तरी मला तो निकाल चुकीचाच वाटतो. समोरच्याला आपल्या अंगावर येऊ द्यायचं आणि हुकवून मारायचं, हीच तर या खेळातली विद्या. त्या दिवशी ती कच खाणं ठरली.

त्यानंतर लगेच हेवीवेट विजेता जिम जेफ्रीज किताब सोडून निवृत्त झाला. जुलैत रीनो इथे हार्टनं जॅक रूटला लोळवलं, तेव्हा पंच स्वतः जेफ्रीजच होता आणि विजेतेपद हार्टकडे गेलं. जॉन्सन दाराबाहेर राहिला.

फेब्रुवारी १९०६ मध्ये लॉस एंजेलिसला बर्न्सनं त्याच हार्टला वीस फेऱ्यांत हरवलं. त्याआधीचे विजेते सहसा अमेरिकेतच किताब राखत. बर्न्स लंडन, डब्लिन, पॅरिस, सिडनी, मेलबर्न असा लढत फिरला. डब्लिनमध्ये सेंट पॅट्रिकच्या दिवशी त्यानं जेम रोशला दीड मिनिटाच्या आत झोपवलं.

जॉन्सन त्याच्या मागावर होताच. त्याच्याशी लढायला बर्न्सनं तीस हजार डॉलर मागितले. प्रवर्तक ह्यू मॅकिंटॉश यांनी ते कबूल केले आणि २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत लढत झाली. या रकमेवरून बर्न्सला हावरट म्हणतात. त्याच्या तोंडी वर्णद्वेषी शिव्या होत्या, त्या मी झाकणार नाही. पण सुलिव्हन आणि जेफ्रीज या आधीच्या बलाढ्य विजेत्यांनी काळ्या आव्हानवीराला किताबासाठी रिंगणात घेतलंच नाही. हा माणूस आपल्यापेक्षा कितीतरी उंच आणि वजनदार जॉन्सनसमोर उभा राहिला. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली, तोवर तो बेदम मार खात होता, पण मागे हटला नव्हता.

पुढे कुठल्याही गोऱ्या हेवीवेट विजेत्यानं काळ्या मुष्टियोद्ध्याविरुद्ध किताब पणाला लावायला १९३७ उजाडलं. त्या वर्षी जेम्स ब्रॅडकनं जो लुईला संधी दिली. त्या बदल्यात ब्रॅडकनं लुईच्या प्रवर्तकाकडून हेवीवेट लढतींच्या पुढच्या दहा वर्षांच्या नफ्यात दहा टक्के वाटा लिहून घेतला होता. त्याला मात्र कुणी हावरट म्हटल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.