एक कडेवर, एक बोटाला

"आमच्या टायमाले आमी एक पोट्टं कडेवर अन् एक बोटाले धरून पार बांधीवर जाओ न बाई. तुमालेच कसं जमत नाई?"

गेल्या साडेतीन महिन्यांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की समोरची "आमच्या..." म्हणाली की पुढचं सगळं मला पाठ असतं. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत.) बोलणाऱ्या सगळ्या प्रेमळ बायका आहेत. यांच्यातल्या दोघी-तिघींनी धाकटीला मांडीवर घेतलं म्हणून तर मला धड आंघोळ मिळाली. तेव्हा राग त्यांच्यावर नाही, आणि मामेसासूबाई, तुम्ही वाचत असाल तर तुमच्यावर तर मुळीच नाही. राग त्या वाक्यावर आहे. त्यात एक लबाडी आहे, आणि ती बोलणारीच्याही लक्षात येत नाही.

त्या चालल्या, हे खरंच. पण कशावरून चालल्या? पांदणीवरून. पुढेमागे काय असायचं, तर बैलबंडी. बंडीचा वेग माणसाएवढाच, आणि पोर मध्ये आलं तर हाकणाऱ्याच्या आधी बैलच थबकतो. गावातल्या गल्लीचं म्हणाल तर आंधळगाव हे कोशाच्या कापडाचं गाव. कोष्ट्यांच्या घरात माग, आणि मागावर चढण्याआधी ताणा गल्लीत लांबच्या लांब ताणलेला. घरातली जुनी माणसं सांगतात, ताणा लागला की सायकलवालाही खाली उतरायचा आणि सायकल हातात धरून भिंतीच्या कडेने जायचा. सूत तुटेल म्हणून! म्हणजे रेशमाच्या धाग्यासाठी अख्खी गल्ली पायी चालायची. त्याच गल्लीत पोरं रांगायची, म्हाताऱ्या बसायच्या, कोंबड्या फिरायच्या. तिथे एक कडेवर आणि एक बोटाला घेऊन जाणारी बाई ही काही मोठी शर्थ करत नव्हती. ती नुसती जात होती.

आता तीच गल्ली बघा. आणि ही काही एकट्या आमच्या गावाची कथा नाही, कुठल्या एका ग्रामपंचायतीवर बोटही ठेवत नाही. भंडारा जिल्ह्यात कुठल्याही गावात उतरा, हेच दिसेल. गल्लीत सिमेंटचा रस्ता होतो. काही वर्षांनी त्याच्यावरच आणखी एक थर. रस्ता वर वर जातो, घरांचे उंबरठे खाली खाली. कडेला नाली. नालीवरची फरशी एक आहे, एक फुटलीय, एक कोणीतरी उचलून आपल्या दारापुढे नेलीय. आणि रस्ता गुळगुळीत झाला रे झाला की त्याच्यावरून मोटरसायकल ज्या वेगाने जाते ना... देवा! उद्घाटनाच्या नारळाला रस्ता "गावासाठी" असतो. दुसऱ्या दिवसापासून तो चाकांचा. पायी चालणाऱ्यांनी नालीच्या काठाने जावं.

गावाबाहेरच्या डांबरी रस्त्याचं गणित तर कागदावरच लिहिलेलं आहे. ग्रामीण रस्त्याची डांबरी पट्टी साधारण ३.७५ मीटर. समोरासमोर दोन वाहनं आली की एकाला खाली उतरावं लागतं, आणि ते उतरतं साइडपट्टीवर. साइडपट्टीवर त्या वेळी मी असते. तीही मोकळी असेल तर! तिथे शेणखताचा ढीग, तणसाचा ढीग, कोणाच्या बांधकामाची रेती, उभा केलेला ट्रॅक्टर. मग मी जाते डांबरावर, आणि मागून हॉर्न. त्यातून रेतीचा टिप्पर असला तर हॉर्न वाजेपर्यंत तो शेजारी आलेलाच असतो.

आता खरी गोष्ट सांगते, जी "आमच्या टायमाले"वाल्या सोयीस्करपणे विसरतात. बाईला हात दोन असतात.

धाकटीची मान आत्ता कुठे सावरतेय. पहिले तीन महिने एक तळवा तिच्या मानेखाली अडकलेला, म्हणजे तो हात संपला. उरलेल्या हातात मोठा, वय वर्षं अडीच, वजन बारा किलो, आवड बकऱ्या. आता "बोटाला धरणं" म्हणजे काय ते बघा. मूल आपलं बोट धरतं तेव्हा पकड त्याची असते. वाटेल तेव्हा धरेल, वाटेल तेव्हा सोडून बकरीमागे पळेल, पुन्हा येऊन धरेल. लेकराला चालायला शिकवायची याहून सुंदर रीत मला माहीत नाही. पण ती फक्त अशा रस्त्यावर चालते जिथे पोराने बोट सोडलं तरी काही होत नाही. आजच्या रस्त्यावर मी त्याला बोट देऊच शकत नाही, त्याचं मनगट धरते. घट्ट. तो ओढतो, मी ओढते, त्याचा खांदा दुखतो, तो रस्त्यात फतकल मारतो. आता त्याला उचलायचं तर धाकटीला कुठे ठेवू? बाराशे रुपयांची डायपर-बॅग खांद्यावरून घसरतेय, ओढणी कुठे गेली पत्ता नाही, मागून हॉर्न. आणि ओसरीवरून कोणीतरी म्हणतं, "पोराले लय लाडावून ठेवलं जी हिनं."

एकटी गेले तर दहा मिनिटांची वाट आहे, दोघांना घेऊन पस्तीस मिनिटं लागतात. चैत्रात सकाळी नऊ वाजताच ऊन असं असतं की ती पस्तीस मिनिटं कशी जातात हे विदर्भाबाहेरच्यांना सांगून कळणार नाही.

यावर उपाय सुचवणाऱ्यांची काही कमतरता नाही. नागपूरच्या नणंदबाईंनी बाबागाडी पाठवली, खूप मायेने. (नणंदबाई, रागावू नका.) तिची पुढची चाकं माझ्या तळहाताएवढी आहेत. नालीच्या फुटक्या फरशीवर ती पहिल्याच दिवशी अडकली आणि दोन शाळकरी पोरांनी उचलून बाहेर काढली. दुसरा सल्ला, "झोळीत बांध." तो चांगला आहे, मी ऐकलाही. लुगड्याच्या झोळीत पोर छातीशी बांधायला आपल्या बायकांना कोणी शिकवावं लागलं नाही; कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी १९७८-७९ च्या सुमारास कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली आणि जगभर ती "कांगारू" पद्धत झाली. झोळीने माझा एक हात मोकळा होतो, हे कबूल. पण झोळी रस्ता रुंद करत नाही, आणि तोल गेला तर आता मी दोघांसकट नालीत जाणार.

तिसरा सल्ला सगळ्यात लाडका, "स्कूटी घे ना, किंवा त्याला म्हण सोडून दे गाडीवर." सोडून दे म्हणजे तो चालवणार, मध्ये मोठा, मागे मी, माझ्या मांडीवर धाकटी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालकाशिवाय एकच माणूस बसू शकतं. शिवाय केंद्र सरकारची फेब्रुवारी २०२२ ची अधिसूचना म्हणते की चार वर्षांखालचं मूल दुचाकीवर असेल तर त्याला चालकाशी जोडणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरच्या पोराला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. नियम शहाणपणाचा आहे, माझी तक्रार नाही. पण मग नियमाने वागणाऱ्या बाईने काय करायचं? चालायचं. आणि चालायला जागा?

चौथा सल्ला कोणी तोंडाने देत नाही. "कशाला बाहेर पडतेस?" हा खरा सल्ला, बाकीचे तीन त्याचेच मुखवटे. बाळंतिणीने घरात राहावं हे मला सव्वा महिना मान्य आहे. त्यानंतर नाही. चार भिंतींत दोन लेकरांबरोबर दिवस काढून बघा, मग बोलू.

आणि बाहेर पडायचं नाही म्हणता, तर सरकारच मला बाहेर बोलावतं! लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. म्हणजे नेमकं बाळ मान धरत नसताना, आईचं अंग सावरलेलं नसताना. मी तिन्ही वेळा गेले, तिन्ही वेळा पायी, तिन्ही वेळा मोठ्याला घेऊन, कारण त्याला कोणाजवळ ठेवायचं? "आमच्या टायमाले" घरात जाऊ होती, आजेसासू होती, शेजारची काकू होती. आता सासूबाई रोवणीला किंवा कापणीला, नाहीतर गुडघे धरून बसलेल्या. जाऊबाई नोकरीच्या गावी.

इथे उगाच व्यवस्थेला शिव्या घालणार नाही. खूप काही चांगलं झालंय आणि ते "आमच्या टायमाले" नव्हतं. २०११ पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात दवाखान्यात न्यायला आणि घरी सोडायला मोफत गाडी आहे. आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येऊन बाळ बघून जाते, आणि ती कशी येते? तीही बहुतेक पायीच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. सगळं आहे. फक्त माझ्या दारापासून अंगणवाडीपर्यंत, दवाखान्यापर्यंत, एसटीच्या थांब्यापर्यंत जो तुकडा आहे तो कोणत्याच योजनेत नाही. तेवढा आईने कसातरी पार करावा, असं सगळ्यांनी गृहीत धरलंय.

"गावात कुठे फुटपाथ असतो का?" असं मला एका शिकलेल्या नातेवाइकाने हसून विचारलं. हसा. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा पदपथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. घटना शहरापुरती आहे असं काही माझ्या वाचनात नाही. आणि हसण्याआधी हेही वाचा: केंद्राच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी. रोज नव्वद. यांच्यापैकी कोणीही वेगात नव्हतं.

पण खरं सांगू का, गल्लीत मला फुटपाथ नकोच आहे. रस्त्यांच्या मानकांत पदपथ कमीत कमी १.८ मीटर सांगितलाय; आमच्या गल्लीत दोन्हीकडे तेवढा काढला तर मध्ये उरणार काय? मला वेग हवाय. पायी माणसाचा वेग.

हे वेडगळ वाटेल, म्हणून एक परदेशी उदाहरण देते (आपल्याकडे परदेशी म्हटलं की लोक जरा ऐकतात :-)). नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यांत चारशेहून जास्त लेकरं. ज्याची मुलगी गेली अशा एका पत्रकाराने लेख लिहिला, आईबाप रस्त्यावर उतरले, "लेकरांची हत्या थांबवा" हेच चळवळीचं नाव झालं. त्याच सुमारास डेल्फ्ट गावाने काही गल्ल्या अशा केल्या की गाडी येऊ शकते, पण पायी माणसाच्या चालीने, आणि खेळणाऱ्या पोराचा हक्क पहिला. त्याला ते "वूनर्फ" म्हणतात. १९७६ मध्ये त्यांच्या कायद्याने ते मान्य केलं. वाचताना मला सारखी आमची कोष्ट्यांची गल्ली आठवत होती. ताणा लागलेली गल्ली याहून वेगळी काय होती? आपल्याकडे ते फुकट होतं, कायद्याशिवाय होतं.

"मग धानाचे ट्रॅक्टर काय हवेतून न्यायचे?" न्या ना गल्लीतूनच, कोण नको म्हणतंय! गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू नेला तर किती उशीर होतो, दीड मिनिट? त्या दीड मिनिटासाठी मी आणि माझ्यासारख्या सगळ्या जणी दिवसभर घरात बसायचं, हा हिशोब मला मंजूर नाही. आणि "आजकालची पोरं ऐकत नाहीत" हेही नको. ऐकायला लावणारा रस्ता करता येतो. सिमेंट टाकताना अधूनमधून धड मापाचा उंचवटा, वळणावर अरुंद तोंड, कडेला झाड. थर टाकणाऱ्याला थर टाकता येतो तर हेही येतं.

आता येत्या १ मेला ग्रामसभा आहे. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी लागते, हे किती जणींना माहीत आहे? मी एका कागदावर लिहून ठेवलंय. नालीवरच्या फरश्या सलग आणि रस्त्याच्या पातळीत करा. अंगणवाडी, शाळा आणि दवाखान्याच्या वाटेवरची साइडपट्टी मोकळी ठेवा, ज्याचा ढीग त्याला उचलायला लावा. वस्तीच्या आत गाडी पायी माणसाच्या चालीने, असा ठराव घ्या आणि पुढचा सिमेंटचा थर त्या हिशोबाने टाका. मामेसासूबाईंनाही सभेला यायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, येईन, पण गुडघा दुखतो न बाई, त्या नालीवरून पाय टाकायचं भेव वाटते.