उंबरठ्यापर्यंतची मैत्री

मार्च सरत आला की वसतिगृहांच्या व्हरांड्यांना एक वेगळीच अवकळा येते. गाद्यांच्या वळकट्या बांधलेल्या असतात, खाटांखाली वर्षभर दडून राहिलेले, जोडी हरवलेले मोजे बाहेर आलेले असतात, मेसच्या खाड्यांचा हिशेब चाललेला असतो आणि अनामत रक्कम परत मिळवण्यासाठी कार्यालयाच्या खिडकीपाशी रांग लागलेली असते. ज्या बादलीवरून तीन वर्षे भांडणे झाली ती बादली कोणा ज्युनियरला फुकट दिली जाते. याच गडबडीत केव्हातरी निरोप समारंभ उरकतो आणि त्यातल्या भाषणांत एक वाक्य हमखास येते : ही मैत्री आयुष्यभर टिकेल. बोलणारा त्या क्षणी खोटे बोलत नसतो. ऐकणाऱ्यांचेही डोळे खरेच पाणावलेले असतात. तरीही हे वाक्य मला खटकते. ते बहुधा खरे ठरत नाही, एवढ्यासाठी नव्हे. मैत्रीचे मोजमाप करण्याचे चुकीचे माप ते आपल्या हाती देते, म्हणून.

मैत्री किती वर्षे टिकली हा प्रश्न आपण फार विचारतो. ती कोणाशी झाली आणि कुठवर पोचली हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो. शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस जमाखर्च मांडायचाच असेल, तर तो या दुसऱ्या प्रश्नाचा मांडावा असे माझे मत आहे.

मराठी वाचकाच्या मनात महाविद्यालयीन जीवनाची दोन चित्रे विशेष रुजलेली आहेत. एक सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'चे. कट्टा, टोळी, जिवाला जीव देणारे दोस्त. २०१३ साली आलेल्या चित्रपटाने हे चित्र पुढच्या पिढीपर्यंतही पोचवले. दुसरे चित्र १९६३ सालच्या भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'तले. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहाच्या गर्दीत राहतो, उत्साहाने कारभारात पडतो, मित्र जोडतो, फसतो आणि अखेरीस हाती फारसे काही न लागता गावी परततो. पहिल्या चित्रात मैत्री हे सर्वस्व आहे, दुसऱ्यात ती भोवतालच्या पोकळीवरचे तात्पुरते छप्पर आहे. आपल्याला आठवायला पहिले आवडते. परंतु बहुतेकांचा प्रत्यक्ष अनुभव या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि त्याचे कारण मैत्री ज्या रीतीने जुळते त्या रीतीतच दडलेले आहे.

मैत्री स्वभाव जुळल्याने होते असा आपला समज आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो १९५० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. एकाच मजल्यावर राहणाऱ्यांपैकी अगदी शेजारच्या दारातल्यांनी एकमेकांना जवळचे म्हणून निवडण्याचे प्रमाण ४१ टक्के होते. एक दार सोडून राहणाऱ्यांत ते २२ टक्क्यांवर आले आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत १० टक्क्यांवर. म्हणजे ज्याला आपण 'जन्मोजन्मीचे नाते' म्हणतो त्यात खोलीच्या क्रमांकाचा वाटा भलताच मोठा असतो. पुढे कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मैत्रीला लागणाऱ्या वेळाचा अंदाज मांडला. नुसत्या ओळखीतून साध्या मैत्रीपर्यंत यायला सुमारे ५० तास, मित्र म्हणावे इथवर यायला सुमारे ९० आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक तास लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. यातली मेख अशी, की एकत्र काम करण्यात किंवा वर्गात बसण्यात गेलेल्या तासांचा उपयोग फारसा दिसला नाही. जवळीक वाढली ती मोकळ्या वेळाने.

आता वसतिगृहाचा हिशेब करून पाहा. दिवसाचे सहा रिकामे तास एका खोलीत काढणाऱ्या दोघांचे २०० तास पाच आठवड्यांत भरतात. नोकरी लागल्यावर आठवड्याला एक मोकळा तास एखाद्या सहकाऱ्याबरोबर घालवला, तर तेवढ्याच तासांना जवळजवळ चार वर्षे लागतील. महाविद्यालयात मैत्री इतक्या झपाट्याने होते ती आपण तेव्हा अधिक निर्मळ किंवा अधिक उदार असतो म्हणून नव्हे. आपण रिकामे असतो आणि जवळ असतो म्हणून. टपरीवर दोन कटिंग चहात चार जणांनी काढलेली दुपार ही आळसाची गोष्ट खरी, पण मैत्रीचा कच्चा माल तोच.

हे एकदा मान्य केले की मैत्री विरते तेव्हाचा अपराधी भावही निवळतो. खोली गेली, रिकामी दुपार गेली, तर त्यांवर उभे असलेले नाते पातळ होणारच. त्यात कोणाची प्रतारणा नसते. दहा वर्षांनी भेटलेल्या मित्राशी तासाभरात बोलण्याचे विषय संपतात तेव्हा आपण मनातून ओशाळतो, त्याचे काही कारण नाही. जे घडले ते त्या दिवसांपुरते पूर्ण होते.

परंतु याच तर्काला एक दुसरी, अधिक अवघड बाजू आहे. जवळ राहण्याने मैत्री होत असेल, तर कोणाला कोणाच्या जवळ ठेवले जाते हा केवळ योगायोगाचा प्रश्न उरत नाही, तो व्यवस्थेचा प्रश्न होतो. महाराष्ट्रात हे ज्याने सर्वांत आधी ओळखले त्यांत कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घ्यावे लागेल. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसलेल्या मुलांसाठी ती मोठी सोय होती. तिथल्याच जैन वसतिगृहात राहणारे तरुण भाऊराव अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परतल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासुद्धा, मोडले. मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवत. मैत्री करा असा उपदेश करण्यापेक्षा ती होण्यावाचून गत्यंतर राहू नये अशी मांडणी भाऊरावांनी केली. माझ्या मते त्यांच्या शिक्षणविचाराचा हा गाभा आहे.

आणि इथे स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण वरचे सगळे मला पुस्तकांतून फार उशिरा कळले.

पुण्यातल्या वसतिगृहात तीन वर्षे माझ्या खोलीत बीडकडचा एक मुलगा होता. त्याचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात, त्यामुळे दिवाळीत त्याच्या घराला कुलूप असे. दुसऱ्या वर्षी मी त्याला आग्रहाने माझ्या घरी नेले. संध्याकाळी आजीने मायेने विचारपूस केली आणि मग अगदी सहज म्हणाली, "बाळ, आडनाव काय म्हणालास?" त्याने सांगितले. आजी 'बरं' म्हणाली. कोणी काही बोलले नाही, फराळाचे ताट भरूनच आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आम्हा सर्वांना नेहमीच्या स्टीलच्या पेल्यांत चहा आला आणि त्याला काचेच्या कपात. मी पाहिले. त्याने पाहिले. मी पाहिले हेही त्याने पाहिले. चहा पिऊन झाल्यावर तो उठला, मागच्या मोरीवर जाऊन त्याने कप विसळला आणि पालथा घालून ठेवला. मी बसून राहिलो.

एस.टी.ने परत येताना आम्ही परीक्षेविषयी बोललो. नंतर दीड वर्ष आम्ही त्याच खोलीत राहिलो; त्याच्या नोट्सवर मी पास झालो, माझ्या तापात तो दोन रात्री जागला. शेवटच्या दिवसांत स्लॅमबुके फिरत होती. माझ्या स्लॅमबुकात 'अविस्मरणीय क्षण' या रकान्यात त्याने रविवारच्या फीस्टला झालेल्या गुलाबजामच्या पैजेविषयी लिहिले. ते वाचून मला जो दिलासा वाटला त्याची आजही लाज वाटते. तो आता शिक्षक आहे. दर दिवाळीला आमचे शुभेच्छांचे बोलणे होते. निरोप समारंभातल्या वाक्याच्या मापाने पाहिले तर आमची मैत्री टिकलेली आहे. त्या कपाविषयी आम्ही कधीही बोललेलो नाही. म्हणजे ती मैत्री टिकली, परंतु आमच्या घराच्या उंबरठ्याशी थांबली. ती आजीने थांबवली असे मी बरीच वर्षे मानत असे. आजीने तिच्या काळाला धरून केले. 'मलाही कपातच दे' एवढे तीन शब्द बोलण्याचे काम माझे होते.

यावर कोणी म्हणेल, की नुसते जवळ ठेवून काय होते? आक्षेप रास्त आहे. मुंबईत २०१९ साली डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील निवासी डॉक्टरने वसतिगृहाच्या खोलीत जीवन संपवले. तिच्या तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातिवाचक छळाचा आरोप ठेवण्यात आला. निकटता तिथेही होती. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांविषयीच्या आपल्या ग्रंथात नेमके हेच सांगितले आहे : दोन गटांच्या सहवासाने मनातली अढी दूर व्हायची तर त्या सहवासात दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, सहकार्य हवे आणि वरच्यांचा त्याला स्पष्ट पाठिंबा हवा. साताऱ्याच्या वसतिगृहात यातले काय नव्हते? पंगत एक, काम सारखे, चूल सर्वांची आणि वडीलधाऱ्यांचा शब्द निःसंदिग्ध. ऑलपोर्टचे पुस्तक निघण्याच्या तीस वर्षे आधी ते तिथे चालू होते.

आज आपण याच्या उलट दिशेने चाललो आहोत, असे मला वाटते. पुण्याच्या पेठांत 'कॉट बेसिस'वर राहणारी मुले बहुधा आपल्या गावच्या, आपल्या तालुक्याच्या, आणि कोणी उघड बोलले नाही तरी आपल्या आडनावाच्या आसपासच्या मुलांबरोबर खोली घेतात. त्यांना दोष देता येत नाही. परक्या शहरात माणूस ओळखीचा आधार शोधणारच. पण त्यामुळे जो शेजार चिठ्ठीने मिळायचा तो आता निवडून मिळतो, आणि निवडीत आपण आपल्यासारख्यांनाच निवडतो. २०२० च्या मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली आणि पुढे बराच काळ वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरले. त्या मुलांना व्याख्याने मिळाली, गुणपत्रिकाही मिळाल्या. मिळाला नाही तो नको असलेला रूममेट. ही हानी कुठल्याच गुणपत्रिकेत दिसत नाही.

म्हणून वसतिगृहांच्या चालकांना माझे सांगणे साधे आहे. खोल्यांचे वाटप चिठ्ठ्या टाकून करा आणि मेसची पंगत मोडू देऊ नका. गॅदरिंगच्या खर्चाहून ही गोष्ट महत्त्वाची आहे. आणि या महिन्यात वळकटी बांधणाऱ्या मुलामुलींना सांगणे याहून साधे आहे. मैत्री आयुष्यभर टिकवण्याच्या आणाभाका घेऊ नका, ते तुमच्या हाती फारसे नाही. सुटीत एकदा त्या मित्राला किंवा मैत्रिणीला घरी न्या. घरात कोणी आडनाव विचारलेच आणि दुसऱ्या दिवशी कप वेगळा आला, तर त्या वेळी तुम्ही काय करता एवढेच लक्षात ठेवा. मैत्रीला अखेरीस तेवढेच विचारायचे असते.

असो. येत्या दिवाळीला नेहमीप्रमाणे त्याचा फोन येईल. त्याआधीच मी करावा आणि शुभेच्छा देऊन झाल्यावर लगेच ठेवू नये, असे ठरवले आहे.